बर्फाचे मोदक

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून मनालीला निघणाऱ्या ग्रुपमध्ये लहान मुलं असली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, बर्फ मिळंल न्हवं?" मी टूर मॅनेजर आहे, बर्फाची हमी देत नाही. नोव्हेंबरात सगळा खेळ पश्चिमी झंझावाताचा. भूमध्य समुद्राकडून येणारी ती ओल वेळेत पोचली तर पांढरं, नाहीतर नुसता खडक. त्या खेपेला आदल्या रात्री भरपूर पडला होता.

ग्रुपमध्ये कसबा बावड्याचं एक कुटुंब होतं. आई-बाबा, आजी, सहा वर्षांची थोरली आणि अडीच वर्षांचा धाकटा. त्यांना दोन रात्री मनालीत ठेवूनच वर नेलं. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीच्या आसपास, आणि आम्ही जाणार ते लाहौलमधलं सिस्सू गाव तीन हजारांच्या वर. पोरांना घाईनं वर नेलं की डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि अडीच वर्षांच्या पोराला काय होतंय ते सांगताही येत नाही.

सोलंगच्या वाटेवर भाड्याचे कोट आणि गमबूट घेतले. पुढं अटल बोगदा, 9.02 किलोमीटरचा. 2020 च्या ऑक्टोबरात तो सुरू झाला. त्याआधी हिवाळ्यात रोहतांग खिंड बंद झाली की पलीकडचं लाहौल तुटायचं, तिथं लेकरं घेऊन सहलीला जायचं कुणाच्या मनातही यायचं नाही. अलीकडच्या तोंडाशी डोंगर मातकट होते, कुठंकुठं पांढरे पट्टे. पलीकडं बाहेर पडलो आणि गाडीत एकच कल्ला. आजींनी हात जोडले, "आई अंबाबाई!"

सिस्सूत बाकीची मंडळी झिपलाइनकडं, म्हणजे तारेला लटकून घसरत जायच्या खेळाकडं पळाली. बाबांनीही पैसे भरले होते, पण थोरली हटून बसली. "मी जात नाही. मी हितंच खेळतो." मी तिची बाजू घेतली. एवढ्या लांब बर्फात आणायचं आणि पोरांना रांगेत उभं करायचं, हे मला कधीच पटत नाही. रस्त्याकडेला एक मोकळं शेत होतं, तिथंच थांबलो.

अजून भुरभुर चालू होती. थोरलीच्या काळ्या बाहीवर पडलेले कण मी तिला जवळून दाखवले. प्रत्येकाला सहा टोकं. गोठताना पाण्याचे रेणू षटकोनातच जुळतात, म्हणून सहा. "सगळ्यास्नी सहाच?" म्हणत ती श्वास रोखून पाच टोकांचा शोधत राहिली, कारण फुंकर लागली की तो विरघळायचा. एक-दोन मोडके सापडले, ते तिनं स्वतःच बाद केले.

गोळा मात्र काही केल्या वळेना. गाडीच्या दारातून आजी म्हणाल्या, "अगं, पिठी कोरडी हाय. उकड काढल्याबिगर मोदक वळतोय व्हय?" आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघणारी बाई! आणि अगदी बरोबर. फार थंड बर्फ कोरडा असतो, कण एकमेकांना धरत नाहीत. ऊन लागून जरा ओल सुटावी लागते.

एवढ्यात धाकटा गप्प झाला. मूल रडतंय तोवर मी घाबरत नाही, खेळता खेळता गप्प झालं की आधी हात बघते. घरून आणलेले लोकरीचे हातमोजे भिजून गच्च, आत बोटं लालभडक आणि गार. वजनाच्या मानानं लहान अंगाची कातडी जास्त, म्हणून ऊब लवकर जाते. बाबा बोटं चोळायला लागले, ड्रायव्हर म्हणाला शेकोटीजवळ न्या. मी दोघांनाही थांबवलं. बधिर झालेल्या कातडीला चटका कळत नाही आणि चोळून ती सोलवटते. गाडीत बसवून त्याचे हात आईच्या काखेत दिले, वर शाल, कोमट दूध. जरा वेळानं त्यानं भोकाड पसरलं. बोटांत जाणीव परतली होती. मग माझ्या बॅगेतली पाणी न शिरणारी कोरडी जोडी घातली. लहान मुलं असली की ती मी ठेवतेच.

दुपारी ढग पांगले, ऊन पडलं. आजी खाली उतरल्या, मूठभर बर्फ घेऊन दाबला आणि तो धरला. मग त्यांनी चक्क कळ्या काढल्या, वर टोक वळवलं. थोरलीला एकवीस हवे होते. बाबा बर्फ आणून द्यायला लागले, धाकटा मागून एकेक चावत सुटला आणि मोजणी परत पहिल्यापासून. झिपलाइनची आठवण कुणालाच नव्हती.

ऊन उतरलं की वितळलेलं पाणी रस्त्यावर गोठतं, म्हणून मी वेळेत सगळ्यांना गाडीत घातलं. बोगद्यात बाबांनी विचारलं, फेब्रुवारीत याहून जास्त मिळंल का? मिळेल, म्हटलं, पुरुषभर मिळेल. पण तेव्हा हिमकडे कोसळायची भीती असली की रस्ता बंद करतात, थंडीही पोरांना सोसत नाही. गुडघाभर खेळायचं तर नोव्हेंबरच बरा.

"मग पुढच्या दिवाळीला," आजी म्हणाल्या, "साचा घेऊनच येतो."