किर्र

ब्रेक दाबला की गाडी किर्र करायला लागली, तेव्हा मी पहिला उपाय केला तो रेडिओचा आवाज वाढवण्याचा. तो तीन आठवडे लागू पडला. चौथ्या आठवड्यात किर्रची खर्र झाली आणि गाडी दाखवायला न्यावीच लागली. मेकॅनिकने चाक काढलं, आत डोकावला आणि मग माझ्याकडे पाहिलं. 'इतके दिवस काय करत होतात?' असं विचारण्याआधी डॉक्टर बघतात ना, तसंच.

त्याने पुढे जे सांगितलं त्याने मला रेडिओची लाज वाटली. बऱ्याच गाड्यांच्या ब्रेक पॅडला पत्र्याची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ती चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासते आणि किंचाळते. किंचाळणं हेच तिचं काम. मी ऐकलं नाही म्हणून पॅड पार संपला, त्यामागची लोखंडी पाटी थेट डिस्कवर घासली आणि तिच्यावर चरे पडले. नुसत्या पॅडवर भागलं असतं, तिथे डिस्कही बदलाव्या लागल्या. दुखणं अंगावर काढायची खोड माझी, सोसलं गाडीने आणि भरलं माझ्याच खिशाने. आणि ते तीन आठवडे मी पैसे वाचवतोय अशाच समजुतीत होतो!

त्या रागात नवी गाडी बघून आलो, खोटं कशाला बोलू. आत बसून तो नवा वासही घेतला. घरी येऊन कागदावर आकडे मांडले तेव्हा वास उडाला. नव्या गाडीची किंमत सर्वांत झपाट्याने उतरते ती पहिल्याच वर्षी, शिवाय कर्जाचे हप्ते, वर चढा विमा. माझ्या गाडीला आता पडायला फारशी उंचीच उरलेली नाही.

तेव्हापासून दर पंधरवड्याला मी तिची नाडी बघतो. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं तेल मोजायची पट्टी, काढायची, पुसायची, पुन्हा आत घालायची आणि पुन्हा काढायची. पहिल्यांदा दिसतं ते खरं नसतं. तेल दोन खुणांच्या मध्ये असलं की मला जे समाधान होतं, ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

टायर तर मी तळहातासारखे वाचतो. मध्ये झिजला असेल तर हवा जास्त भरलेली, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, आणि एकच कड खाल्ली गेली असेल तर बहुतेक अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ ठेवण, बिघडलेली. कमी हवेवर पळणारी गाडी इंधनही जास्त पिते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, तीही एक कुंडलीच. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या ३२ व्या आठवड्यातला जन्म.

पण सगळीच दुखणी किंचाळत नाहीत. इंजिनातल्या पिस्टन आणि व्हॉल्व्ह (झडपा) यांचा ताल जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट हा रबरी पट्टा तर बहुधा चकार शब्द न काढता तुटतो, आणि अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. मग पट्ट्याचा खर्च राहतो बाजूला, इंजिनच उघडावं लागतं. पट्टा किती किलोमीटरनंतर किंवा किती वर्षांनी बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. माझी पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात इतकी वर्षं प्लॅस्टिकमध्येच होती. काही गाड्यांत पट्ट्याऐवजी साखळी असते, हेही मला तिथेच कळलं. या पुस्तिकेचा आणखी एक उपयोग आहे. सर्व्हिसिंगला गेल्यावर कुणी अमुक बाटली इंजिनात ओता, तमुक सफाई करून घ्या, असा आग्रह धरला की ती उघडून विचारायचं, 'हे यात कुठे लिहिलंय?' निम्मं बिल तिथेच गळतं.

परवा चढावर मागून टकटक ऐकू आली. मी रेडिओ बंद केला. वळणावर टकटक, ब्रेक दाबला की टकटक. सस्पेन्शन, बुश, एक्झॉस्ट, सगळं मनातल्या मनात उघडून झालं. शेवटी कडेला थांबून मागचं दार उघडलं. सीटखाली पाण्याची बाटली लोळत होती.