कीर्तिमंदिरातल्या दोन भिंती

वडोदऱ्यात दांडिया बाजारात मावशीकडे उतरलो होतो. सकाळी तिने शेव-उसळ पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "आधी पोटभर खा, मग जा तुझ्या कीर्तिमंदिरात."

गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांचं हे स्मारक सयाजीरावांनी 1936 मध्ये बांधलं. आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीराबाई, 'नटीर पूजा' आणि अभिमन्युवध. मी आलो होतो अभिमन्यूसाठी. 26/11 म्हटलं की मला तुकाराम ओंबळे आठवतात, आणि ओंबळे आठवले की अभिमन्यू. हातात नुसती लाठी, तरी गोळ्या झेलत त्यांनी कसाबची बंदूक सोडली नाही. अशा मरणाला आपल्याकडे पोवाडा आहे, आख्यान आहे. शब्द शोधावे लागत नाहीत.

पण त्या रात्री सीएसटीवर गेलेली पन्नासहून अधिक माणसं लढायला आली नव्हती. गावच्या गाडीची वाट बघत बोचक्यांना टेकून बसली होती. त्यांना पोवाडा कसा पुरणार? त्या डिसेंबरात मी एक कविता लिहिली होती. तिच्यात ज्वाळा होत्या, ताजचा घुमट होता. ही माणसं नव्हती. ती मी कुणालाच दाखवली नाही.

म्हणून 'नटीर पूजा'पुढे पाय थबकले. गोष्ट रवींद्रनाथांच्या नाटकातली. बुद्धाच्या पूजेला राजाची बंदी, आणि श्रीमती नावाच्या नर्तकीला स्तूपापुढेच नाचायचा हुकूम. ती नाचता नाचता एकेक दागिना उतरवते, आतून भिक्षुणीचं वस्त्र दिसतं, आणि ती मारली जाते. हाती शस्त्र नाही, कुणाशी वैर नाही. नंदलालबाबूंनी महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, 1943 मध्ये, तिला अख्खी भिंत दिली, अभिमन्यूची त्यानंतरची. मला हा न्याय फार मोठा वाटतो. मारणाऱ्याचं नावसुद्धा आठवत नाही, श्रीमती मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

रात्री वडोदरा स्टेशनवर गाडी उशिरा होती. शेजारी एक कुटुंब चादर पसरून बसलं होतं. आजीने डबा उघडला, थेपल्याचे चार तुकडे केले, सगळ्यात मोठा धाकट्याला दिला. घोषणा झाली तशी सगळ्यांनी माना वर केल्या. आपली गाडी नाही म्हटल्यावर पुन्हा खाऊ लागले. मी वही काढली आणि त्या डब्यापासून लिहायला घेतलं.