गिऱ्हाईक येणार म्हणून

उद्या अकराला डोंबिवलीचं घर बघायला गिऱ्हाईक येतंय. एजंट म्हणाला, "नवीन काही घेऊ नका, आहे तेच नीट लावा." म्हणून आज मी आणि दादा सकाळपासून जुंपलेलो.

सगळ्यात मोठं काम गोदरेजच्या कपाटाचं. आईने ते अर्ध्या खिडकीला अडवून ठेवलेलं, तीसेक वर्षं. रिकामं केलं, पायांखाली जुनी गोधडी सरकवली आणि ओढत ओढत समोरच्या भिंतीला नेलं. खोलीत एकदम उजेड! इथेच मी भर दुपारी ट्यूब लावून बारावीचा अभ्यास केलाय, जरा रागच आला. मागच्या भिंतीवर मूळचा पिस्ता रंग तसाच होता, आणि खाली धुळीत आईचं जोडवं. त्यासाठी तिने तेव्हा अख्खं घर पालथं घातलं होतं.

बाकी किरकोळ. शोकेस रिकामं केलं, सहापैकी दोन खुर्च्या शेजारच्या काकूंकडे ठेवल्या. आता स्वयंपाकघरात माणूस वळू तरी शकतो. बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, तिथे दादा कॅलेंडर लावायला निघाला होता. मी नको म्हटलं. पावसाळ्यात कळणारच की!

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. "अगं, समोरच्या बिल्डिंगमधून सगळं दिसायचं म्हणून तर ठेवलं होतं कपाट तिथे! पडदा तरी लावा."

पडदे कुठल्या खोक्यात भरलेत, ते आता दोघांनाही आठवत नाहीये.