घसारा आणि लर्निंग स्टाईल

कालपासून दांडिया बाजारातल्या घरी पेपर तपासत बसलेय आणि एका पेपरावर अडकलेय. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची मुलगी, डेप्रिसिएशनच्या (म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरवर्षी कमी होत जाण्याच्या) प्रश्नात गाईडमधली इंग्लिश व्याख्या अर्धी लिहून सोडून दिलीय, 5 पैकी 1. हीच मुलगी मागच्या महिन्यात स्टाफरूमच्या दारात उभी राहून मला म्हणाली होती, "मॅडम, पप्पानी रिक्षा दर वरसे घसाय छे ने," आणि बोटांवर हिशेब करून दाखवला, समजा 2 लाखांची रिक्षा, 9 वर्षांनी 20 हजारांना जाणार, म्हणजे वर्षाला 20 हजार घसारा. मराठीत घसारा, गुजरातीत घसारो, बडोद्यातल्या मुलांना हा शब्द घरातूनच येतो हो, आणि आम्ही पेपरात विचारतो 'डिफाईन डेप्रिसिएशन'.

त्यात मध्ये एका वर्कशॉपमध्ये मुलांकडून व्हार्क नावाचा, आपली लर्निंग स्टाईल म्हणजे शिकण्याची पद्धत ओळखायचा फॉर्म भरून घेतला, बघून, ऐकून, वाचून की हाताने करून, तुम्ही कुठले? ही निघाली 'व्हिज्युअल', आणि तेव्हापासून म्हणते मला वाचून येतच नाही. याचा मला खरंच त्रास होतो. प्रत्येकाची आवड वेगळी असते हे मान्य, पण ज्याची जी स्टाईल तसंच शिकवलं तर जास्त येतं का, हे 2008 साली पॅशलर आणि सहकारी या मानसशास्त्रज्ञांनी आधी झालेले अभ्यास चाळून तपासलं. खरा पुरावा हवा तर प्रत्येक स्टाईलच्या मुलांना चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवायचं आणि शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा द्यायची. असे नीट केलेले प्रयोग मोजकेच सापडले आणि त्यांतल्या काही प्रयोगांचा निकाल उलटाच होता.

त्यापेक्षा रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग मला वर्गात जास्त उपयोगी पडलाय. धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना 5 मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे होते ते मधे आठवून लिहून काढणारे. म्हणून मी आता तासाच्या सुरुवातीला 3 प्रश्न टाकते, मार्क नाहीत, भाषा कुठलीही, वही बंद. पहिले दोन आठवडे नुसती कुजबुज चालायची, आता मुलं आपणहून वह्या मिटतात.

तिचे मार्क मात्र वाढवता येणार नाहीत, लिहिलेलंच नाही तर कशाचे देऊ. सोमवारी बोलावलंय तिला, पप्पांना रिक्षाची खरी किंमत विचारून ये म्हटलंय.