बिनराक्षसाची मोहीम

आमच्या रोल-प्लेइंग गेमचं (खेळाडू पात्रं होऊन गोष्ट पुढे नेतात तो खेळ) आजचं सेशन राक्षसाशिवाय पार पडलं आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही! मी सूत्रधार म्हणून भटक्या मेंढपाळांची मोहीम, म्हणजे अनेक सेशन चालणारी गोष्ट, चालवतोय, जादू अगदी चिमूटभर. आजचं संकट एवढंच: खिंडीत बर्फ लवकर पडलाय, कळप पलीकडे न्यायचाय आणि निम्म्या मेंढ्या गाभण. मेंढीचा गर्भकाळ साधारण 150 दिवसांचा, दिवस भरत आलेले. थांबावं तर चारा संपतो, निघावं तर वाटेतच वितील. यावर सगळे तासभर कडाकडा भांडले.

मग एक मेंढी वितानाच गेली, कोकरू पोरकं. दुसरीचं कोकरू आदल्या दिवशी दगावलेलं. एका खेळाडूने विचारलं, त्या मेलेल्याचं कातडं पोरक्याला पांघरलं तर? मेंढपाळ खरंच असं करतात, कारण आई पिल्लू वासाने ओळखते. म्हणून युक्ती जमली की फसली हे ठरवायला मी फासा टाकायलासुद्धा लावला नाही. पण चिमूटभर जादू इथेच टाकली: रात्री ते कोकरू मेलेल्याच्या आवाजात ओरडू लागलं.

पुढच्या वेळी पाणवठ्यावर दुसरा कळप आधीच उतरलेला असेल, आणि त्यातल्या काही मेंढ्यांच्या कानांवर आपल्याच खुणा. (मारामारीच हवी असणाऱ्यांनी तूर्तास लांडग्यांवर भागवावं.)