तीन बादल्या पाणी

भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये मी क्यूसीत, म्हणजे माल तपासायच्या विभागात, नुकतीच लागले होते. डिप्लोमाला हायड्रोटेस्ट, म्हणजे पाणी भरून, दाब देऊन गळती बघणं, एका ओळीत उरकली होती: एएसएमई कोडच्या सेक्शन आठच्या व्हेसलला (दाबाच्या टाकीला) मॅक्सिमम वर्किंग प्रेशरच्या 1.3 पट, त्याच कोडच्या बी 31.3 मधल्या पायपिंगला डिझाइन प्रेशरच्या 1.5 पट, आणि त्यावर तापमानाचा हिशेब. परीक्षेपुरतं ठीक होतं.

त्या दिवशी स्टेनलेसची दोन हजार लिटरची व्हेसल टेस्टला होती. वर्किंग प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो, म्हणजे टेस्ट 13 ला. गेज 0 ते 25 चा; टेस्ट प्रेशरच्या साधारण दुप्पट रेंज असली की काटा नीट वाचता येतो. स्टेनलेस असल्यामुळे बोअरचं पाणी चालणार नव्हतं. क्लोराइड जास्त असलं की पुढे पत्रा खातं, म्हणून 50 पीपीएमच्या आतलं आरओचं पाणी मागवलं होतं. ट्रक दुपारीच गेटवर लागला होता आणि साहेबांचा तिसरा फोन येऊन गेला होता.

शॉपमधले जुने फिटर काका पंपावर होते. हेल्पर बादलीने पंपाच्या टाकीत पाणी ओतत होता. पहिली बादली संपली, दुसरी संपली, तिसरी निम्म्यावर आली, तरी काटा 6 च्या पुढे सरकेना. काकांनी हात थांबवला. "मॅडम, हिच्या पोटात हवा आहे."

भरलेल्या व्हेसलला इतकं पाणी लागतच नाही. दोन हजार लिटर पाणी दाबून 13 किलोला न्यायचं तर पत्र्याचं फुगणं धरूनही जेमतेम तीन-चार लिटर आत जातं. उभी बसणारी व्हेसल टेस्टसाठी आडवी ठेवली होती. व्हेंटची, म्हणजे हवा बाहेर सोडायची नळी बाजूच्या नोझलला (पाइप जोडायच्या तोंडाला) लावलेली, आणि मॅनहोलची मान त्याहून वर. नळीतून पाणी आलं तशी व्हेसल भरली असं समजून व्हॉल्व्ह बंद केला होता. मानेतली हवा तिथेच अडकली.

प्रेशर शून्यावर आणून मॅनहोलच्या ब्लाइंडवरचा, म्हणजे झाकणावरचा प्लग काढला आणि पुन्हा पाणी सोडलं. बराच वेळ नुसती हवाच येत राहिली.

तेवढ्यात साहेब खाली आले. "एवढी झंझट कशाला? कॉम्प्रेसर लावा, हवेने करून टाका." काकांनी मान हलवली. हवेची टेस्ट कोडमध्ये आहे, 1.1 पटीला, पण या व्हेसलमध्ये 11 किलो करायला साधारण 22 हजार लिटर हवा कोंबावी लागली असती. वेल्ड फाटलं तर पाण्याचं प्रेशर थोडं बाहेर येताच बसतं. कोंबलेली हवा मात्र पूर्ण सुटेपर्यंत ढकलत राहते आणि पत्रा फेकते. "साहेब, ती टेस्ट करायची तर आधी सगळं शॉप रिकामं करा," काका म्हणाले. साहेब केबिनमध्ये परत गेले.

या खेपेला काही स्ट्रोकमध्येच काटा 13 ला. थोडा वेळ थांबून 10 वर उतरवलं. जवळ जाऊन बघायचं ते या प्रेशरला. मी बॅटरी आणि कोरडं फडकं घेऊन एकेक सीम पुसत निघाले. घामाच्या दिवसांत गार पाण्याने पत्र्यावर बाहेरूनही दव धरतं, म्हणून पुसायचं आणि परत ओलं होतंय का ते बघायचं.

खालच्या नोझलच्या पॅडला, म्हणजे त्याच्याभोवती मजबुतीसाठी वेल्ड केलेल्या पत्र्याला, एक बारीक भोक असतं, टेलटेल. ते पुसलं. मोहरीएवढा थेंब आला. पुन्हा पुसलं, पुन्हा आला. पॅडखाली झाकलेलं नोझलचं वेल्ड गळत होतं. बाहेरून ते वेल्ड दिसतच नाही. ते भोक ठेवतात ते यासाठीच.

मी रिपोर्टवर 'नापास' लिहिलं. काका शिडीवर चढून आधी वरचा व्हेंट मोकळा करत होते, कारण तो बंद ठेवून ड्रेन उघडला तर आत व्हॅक्यूम होऊन पत्रा आत ओढला जाऊ शकतो. तिथूनच त्यांनी वेल्डरला ओरडून सांगितलं, "पॅड काढावं लागणार! घासून डीपी करू, रंगाने तडा बघू, मग वेल्डिंग, आणि परत 13." ट्रक रिकामाच परत पाठवायचा होता. ते साहेबांना कोण सांगणार, यावर दोघंही माझ्याकडे बघू लागले.