अखेर केसीएसएचा फिल्टर टिकला: अडचण ७१व्या ग्लूटामेटची होती

केसीएसए या जिवाणूतल्या पोटॅशियम चॅनेलचं संगणकावर सिम्युलेशन करतोय. अणूंना जागेवर धरणारी बंधनं काढल्यावरही त्याचा फिल्टर (पोटॅशियमच निवडून सोडणारा अरुंद भाग) आता जागेवर राहतो आहे! मागच्या नोंदीतला तिढा आठवत असेल: सहाव्या टप्प्यात, बंधनं हळूहळू सैल करताना, बॅकबोनवरच्या (प्रथिनाच्या कण्यावरच्या) बंधनाचा जोर ५० वर येईपर्यंत सगळं शांत, मोकळं सोडलं की फिल्टरमधल्या व्हॅलिन ७६चा कार्बोनिल (पोटॅशियमला धरणारा ऑक्सिजनचा गट) बाहेर वळायचा आणि पोटॅशियम जागा सोडायचं.

पहिला संशय आयनांवर, आणि तिथे खड्डा आहेच. १के४सी या केसीएसएच्या रचनेच्या फाइलमध्ये चॅनेलची एकच साखळी (सी) असते. तिची चौकडी उभी केली की मधल्या अक्षावरचा प्रत्येक आयनही नेमका त्याच ठिकाणी चार वेळा येतो. तीन जादा प्रती हातानं काढा, नाहीतर मिनिमायझेशन (रचनेची ऊर्जा कमी करण्याची पायरी) सुरुवातीलाच कोसळतं. फाइलमध्ये चॅनेलसोबत आलेल्या अँटीबॉडीच्या ए, बी साखळ्याही काढा. मग फिल्टरमधल्या एस१ ते एस४ या चार जागांपैकी एस२, एस४वर पोटॅशियम, एस१, एस३वर पाणी.

एवढं करूनही फिल्टर ढासळतच होता, कारण दुखणं त्याच्या मागच्या बाजूला होतं. ग्लूटामेट ७१ आणि अ‍ॅस्पार्टेट ८० ही दोन अमिनो आम्लं एकमेकांना खेटून असतात आणि एक प्रोटॉन दोघांत वाटून घेतात. बिल्डर (सिम्युलेशनची रचना तयार करून देणारं साधन) मात्र ग्लूटामेटला सरसकट ऋणभारित ठेवतो. मग दोन ऋणभार एकमेकांना ढकलतात आणि फिल्टरचा आधार सुटतो. चारही साखळ्यांत ७१साठी जीएलयूपी (प्रोटॉन जोडलेलं, भाररहित ग्लूटामेट) निवडा. दोघांच्या कार्बोक्झिल ऑक्सिजनांमधलं अंतर ३ अँगस्ट्रॉमच्या आत राहिलं तर जोडी जमली. कुठे प्रोटॉन असेल याचा अंदाज देणारं प्रोपका चांगलं साधन आहे, पण अशा पुरलेल्या जोडीसाठी त्याच्या आकड्यावर विसंबू नये.

पुढचा बेत व्होल्टेज लावायचा होता. तो बाजूला ठेवतोय. १के४सीचं आतलं दार बंदच आहे, प्रवाह दिसणार नाही. त्यापेक्षा चेतापेशींच्या जवळचा प्रश्न हा: टीव्हीजीवायजी ही फिल्टरमधल्या अमिनो आम्लांची ओळ चेतापेशींतल्या केव्ही१.२ या पोटॅशियम चॅनेलमध्येही तीच, पण ७१च्या जागी तिथे व्हॅलिन. मग अ‍ॅस्पार्टेटला धरून ठेवायला मुख्यतः शेजारचं ट्रिप्टोफॅन (केसीएसएत ६७) उरतं. शेकर या फळमाशीतल्या तशाच चॅनेलमध्ये तेच ट्रिप्टोफॅन (तिथे क्रमांक ४३४) बदलून फेनिलअ‍ॅलनिन केलं की पोटॅशियमचा प्रवाह थांबतो, गेटिंग करंट (चॅनेलमधले भार हलल्यानं होणारा बारीक प्रवाह) मात्र मोजता येतो. फिल्टरमधून वहन असं थांबणं म्हणजेच सी-प्रकारचं इनॅक्टिव्हेशन. चेतापेशी सलग फायर करताना ते साचत गेलं तर रीपोलरायझेशन (व्होल्टेज पुन्हा मूळ पातळीवर येणं) मंदावतं आणि स्पाइक (विद्युत संकेत) रुंद होतो.

म्हणून आता ई७१व्ही, म्हणजे केसीएसएत ७१व्या ग्लूटामेटच्या जागी व्हॅलिन. बंधनांचा क्रम तोच, ४००० ते ५०. नजर ट्रिप्टोफॅन-अ‍ॅस्पार्टेट बंधावर आणि व्हॅलिन ७६वर, चारही साखळ्यांत वेगवेगळी. सरासरी घेतली तर एकाच साखळीतली उलथापालथ झाकली जाते.